छपरावरचा पाऊस, परसातली बाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेडच्या जुन्या वस्तीत आमचे माळवदाचे घर होते. धाब्यावर पडलेला पाऊस पत्र्याच्या पन्हाळातून अंगणात कोसळायचा. आभाळ भरून आले की अम्मी पन्हाळाखाली हंडा, घंगाळ, बादली, हाताला लागेल ते भांडे मांडायची. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी मात्र ती वाहू द्यायची. "आधी छप्पर धुऊन निघू दे," म्हणायची. वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी ती ज्या दगडावर बसे, त्याला लागूनच तिने कढीपत्ता आणि मेंदी लावली होती. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी बेताने वापरा, अशी आमच्याकडे शिकवण आहे. अम्मीने ती झाडांच्या मुळापर्यंत नेली होती.

पुढे स्लॅबचे घर झाले, नळ आला. छतावरचे पाणी पाइपातून थेट नालीत जाऊ लागले. मी पावसावर कविता लिहीत राहिलो, पण पावसाचा हिशेब कधी केला नाही. तो करायला लातूरने भाग पाडले.

२०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. थोरली बहीण लातुरात राहते. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तांदूळ धुतलेले पाणी ती वाटीने लिंबाच्या झाडाला घालत होती. मोगरा आधीच वाळला होता. ती म्हणाली, "माणसाला पाणी नाही आणि मी झाडाला घालते, याची लाज वाटते रे. पण पावसाळ्यात याच अंगणातून पाणी धो धो वाहून जातं, तेव्हा कुणालाच लाज वाटत नाही."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. हिशेब सोपा आहे, तुम्हीही लिहून घ्या. शंभर चौरस फूट छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, की गळती, बाष्पीभवन वजा जाता सुमारे ७५ लिटर पाणी हाती लागते. लातूरचा वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या साध्या छतावरून वर्षाला तीस हजार लिटर पाणी मिळते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून त्या पहिल्या गाडीने जेवढे पाणी आणले, तेवढे एका सरासरी वर्षात अवघ्या सतरा छतांवर पडते. पाऊस निम्माच झाला, तर चौतीस छते धरा. एका गल्लीत यापेक्षा जास्त घरे असतात.

आता कुणी म्हणेल, गाडी एप्रिलमध्ये आली, पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. तीस हजार लिटर ठेवायचे कुठे? प्रश्न बरोबर आहे. म्हणून दोन कामे वेगळी समजून घ्या. टाकीने उघडीप काढायची आणि जमिनीने उन्हाळा.

आधी टाकी. हजार लिटरची टाकी आपल्या पाचशे फुटांच्या छतावरून २७ मिलिमीटर पावसात भरते. रोज पन्नास लिटर वापरले, तर वीस दिवस पुरते. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात पाऊस दडी मारतो, दोडक्याचा, कारल्याचा वेल माना टाकतो. तेव्हा हीच टाकी वेल वाचवते. छताच्या पाइपाला खाली एक झाकण बसवा आणि पहिल्या सरींचे पाणी तिथून सोडून द्या. अम्मीचाच नियम! टाकीच्या तोंडाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण हवे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. हे पाणी बागेसाठी, पिण्यासाठी नव्हे.

टाकी भरून वाहू लागली की ते पाणी शोषखड्ड्यात न्या. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून खड्डा घराच्या पायापासून दहाएक फूट लांब घ्या. खाली काळा खडक आहे, पाणी त्याच्या फटीफटींतूनच हळूहळू उतरते. तेव्हा एका पावसाळ्यात बोअर भरेल अशी आशा धरू नका. बोअरच्या पाइपात गढूळ पाणी थेट तर कधीच सोडू नका.

बागेतल्या मातीवर पाचट, पालापाचोळा, सोयाबीनचा भुसा, जे मिळेल त्याचे चार बोटे आच्छादन घाला. ऊन मातीला भिडत नाही, ओल टिकते. झाडाजवळ भाजलेले, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून तोंड झाका. मडके पाझरते आणि मुळे हवे तेवढे पाणी घेतात. पावसाळ्यात वेल आणि भेंडी, हिवाळ्यात मेथी-पालक घ्या. उन्हाळ्यात नवे काही लावू नका; लिंबू, शेवगा, कढीपत्ता ही मुरलेली झाडे तेवढी जगवा. पाणी पाहून बाग ठरवावी, बाग पाहून पाणी शोधू नये.

बहिणीने त्याच वर्षी छताला पाइप लावला, टाकी ठेवली, खड्डा घेतला. २०१६ चा पावसाळा लातूरला भरभरून झाला. पहिल्या मोठ्या पावसात तिचा फोन आला, "टाकी भरली. आता मोगरा आणून लावते." लिंबू जगले होते.

मृग निघण्याआधी एकदा टेप घेऊन छतावर जा. लांबी-रुंदी मोजा आणि आपल्या घराचा पाऊस किती, ते कागदावर मांडा. मी पावसावर बरेच लिहिले. त्यातले खात्रीने उपयोगी पडलेले हे एकच गणित.