केसपेपरच्या खिडकीआड कोण बसतं?

विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय घ्या, नाहीतर लातूरचं. आपली माणसं तिथं रांगेत दिसतात, खाटेवर दिसतात, झाडू घेऊन दिसतात. आता नर्सच्या गणवेशातही दिसतात, त्याचा मला अभिमान आहे. पण केसपेपरची खिडकी, औषधांचं स्टोअर, रेकॉर्ड रूम? तिथं मला तरी कमीच भेटली.

ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला विष्णुपुरीत २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं नव्हती, माणसं कमी होती, असा आरोप झाला. औषधं होती, असं रुग्णालयानं सांगितलं. पण साठा किती उरला, मागणी कधी पाठवली, रात्रपाळीला किती जण होते, हे सगळं कागदावर कुणीतरी ठेवत असतं. त्या कामाला आरोग्य प्रशासन म्हणतात. ते नीट झालं की जीव वाचतो, आणि ते शिकता येतं.

साधी गोष्ट बघा. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. तिथं आईचं नाव किंवा आडनाव चुकलं, की पुढं शाळा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळीकडं खेटे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही, तर ऑपरेशन अडतं. टेबलापलीकडं वस्तीची अडचण ओळखणारी मुलगी बसली असेल, तर ती माणसाला हाकलत नाही, काय आणायचं ते सांगते.

बारावी झालेली, पण रक्त बघून घाबरणारी लेक घरात असेल, तर तिला नर्सिंगला ढकलू नका. महाविद्यालयांत कौशल्याचे अभ्यासक्रम चालावेत म्हणून यूजीसीनं २०१३च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. कामावर जाणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याचं विभागीय केंद्र नांदेडलाही आहे. आपल्याला हवा तो अभ्यासक्रम यंदा कुठं चालू आहे, ते तिथं जाऊन विचारा.

आता सावध राहायची जागा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा महिन्यांत ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट डिप्लोमा’ देणाऱ्यांचे फलक जागोजागी आहेत. २०२१च्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय नोंदींचं कामही आलं आहे, आणि त्यात पदविका किमान दोन वर्षांची, २,००० तासांची धरली आहे. म्हणून फी भरण्याआधी दोनच प्रश्न: प्रमाणपत्रावर शिक्का कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर उठून या.

पैशाचं म्हणाल, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. तिथंही अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी नको, आणि मूल त्याच शहरातलं रहिवासी नको. म्हणजे नांदेडची लेक लातूरला शिकत असेल, तर तिनं लातूरच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.