कॅमेऱ्यालाही इजाजत लागते

गिरगावच्या फणसवाडीत आमच्या ओळखीचे एक कुटुंब चाळीतल्या एका खोलीत राहते. अब्बा, अम्मी, दादी आणि तीन मुले. जेवण, झोप, नमाज, अभ्यास सगळे त्याच खोलीत. कपडे बदलायचे तर मोरीचा पडदा, नाहीतर बाकीच्यांनी गॅलरीत जायचे. कोरोनाच्या काळात थोरल्या मुलीची परीक्षा घरूनच झाली. कॅमेरा पूर्ण वेळ चालू हवा आणि मागे कोणी दिसता कामा नये, अशी सूचना होती. दोन तास दादी गॅलरीत स्टुलावर बसून राहिली. अम्मीने स्वतःच्याच घरात डोक्यावरची ओढणी काढली नाही. "परीक्षेचं काही नाही हो, पण पलीकडून कोण बघतंय तेच कळत नव्हतं," असे ती आम्हाला म्हणाली.

तो काळ गेला. लॅपटॉप आणि टॅब मात्र घरात राहिले. मुंबई महापालिकेने तर २०१५ पासूनच आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली होती. ज्या घरात स्वतंत्र संगणक घेणे परवडत नाही, तिथे असे साधन मिळणे ही नेमतच आहे. आमचा त्याला विरोध नाही. आम्हाला एवढेच विचारायचे आहे, की शाळेचे यंत्र घरात आले, की त्याच्या डोळ्यावर ताबा कोणाचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळ लोअर मेरियन नावाचा शाळांचा विभाग आहे. तिथल्या दोन हायस्कुलांत सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये एका मुलाला सहायक मुख्याध्यापिकेने बोलावून घेतले आणि घरातल्या गैरवर्तनाबद्दल जाब विचारला. पुराव्यादाखल त्याचाच फोटो होता, त्याच्या घरी, त्याच्याच लॅपटॉपने काढलेला. घरच्यांचे म्हणणे असे, की मुलाच्या हातात खायच्या गोड गोळ्या होत्या आणि त्या नशेच्या समजल्या गेल्या.

फेब्रुवारी २०१० मध्ये आईवडील न्यायालयात गेले, तेव्हा सगळे उघड झाले. लॅपटॉप चोरीला गेला तर सापडावा म्हणून त्यात एक सॉफ्टवेअर बसवले होते. ते सुरू केले, की ठरावीक मिनिटांनी कॅमेऱ्यातून फोटो निघे आणि पडद्यावर जे असेल त्याचीही प्रत शाळेकडे जाई. अनेक लॅपटॉपांवर ते सुरू झाले ते बंदच केले गेले नाही. अशी ५० हजारांहून अधिक चित्रे जमा झाली होती, काही तर मुले झोपलेली असतानाची. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा मधेच लुकलुकतो, हे काही मुलांच्या लक्षातही आले होते. यंत्रातला बिघाड असेल, असे त्यांना सांगण्यात आले. फौजदारी खटला झाला नाही, पण ऑक्टोबर २०१० मध्ये शाळा विभागाने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली. हेतू चोर पकडण्याचा होता. चूक एवढीच, की ज्यांच्या घरात डोकावायचे त्यांना कुणी विचारले नाही.

विचारूनच आत यावे, हे आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी शिकवले. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका, असा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये फज्रच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर अशा तीन वेळा घरातल्या लहान मुलांनीही विचारून आत यावे, असे सांगितले आहे. एकदा एक माणूस फटीतून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या खोलीत डोकावला. त्याला त्यांनी खडसावले आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, हे समजावले. सूरह हुजुरातमध्ये तर एकमेकांच्या पाळतीवर राहायलाच मनाई आहे. फटीतून डोकावणारा डोळा आणि कॅमेऱ्यातून डोकावणारा डोळा यांत आम्हाला फरक दिसत नाही.

देशाचा कायदाही याच बाजूला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. शिक्षण आणि सुरक्षितता यांसाठी शाळांना काही सूट आहे, म्हणूनच पालकांनी जागे राहायला हवे.

शाळेकडून यंत्र घेताना सहीच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचा, इंग्रजी येत नसेल तर वाचून घ्या. कॅमेरा आणि माइक दुरून चालू करता येतो का, फोटो कोण पाहतो, ते किती दिवस ठेवले जातात आणि परीक्षेचे चित्रीकरण कधी पुसले जाते, हे लेखी विचारा. असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. काम नसेल तेव्हा कॅमेऱ्यावर कागदाची चिकटपट्टी लावा. मात्र कागदाने आवाज अडत नाही, म्हणून इशानंतर यंत्र पूर्ण बंद करा. कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि शाळेला कळवा. शाळेचे सॉफ्टवेअर स्वतः काढायला जाऊ नका.

आता थोडे आपल्याबद्दलही. मुलीच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून तिचे मेसेज वाचणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. लेकरांची काळजी घेणे ही आपली जबाबदारी आहेच. पण "मी तुझा फोन बघणार आहे" असे सांगून बघणे वेगळे आणि लपून बघणे वेगळे. शाळेकडे जी इजाजत आपण मागतो, ती घरातही पाळायला हवी. नाहीतर उद्या कुणी न विचारता डोकावले, तर त्यात काही वावगे आहे, हे आपल्या मुलांना कळणार तरी कसे?