सव्वाशे पानांचा डॉक्टर

लंच टाइमला ऑफिसात शांतता म्हणजे एकतर सर्व्हर पडलाय, नाहीतर अप्रेझल जवळ आलंय. पण २०१९ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये ऑनसाइट असताना आमच्या टेबलावरची शांतता वेगळीच होती. टेरन्स डिक्स नावाचे लेखक गेले होते. आता हे कोण बुवा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तसाच मलाही पडला!

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका १९६३ पासूनची. निळ्या पोलीस पेटीतून काळात इकडेतिकडे फिरणारा एक परग्रहवासी, एवढं पुरे. डिक्स आधी या मालिकेचे स्क्रिप्ट एडिटर होते. मग १९७४ पासून टार्गेट नावाच्या प्रकाशनासाठी त्यांनी मालिकेतल्या गोष्टींच्या छोट्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या. साठाहून जास्त लिहिल्या. पुस्तक बहुतेक वेळा सव्वाशे पानांच्या आसपास, भाषा सरळ, वाक्यं आखूड.

आज आपण एपिसोड चुकला तर फोनवर बघतो. त्या काळी घरात व्हिडिओ नव्हता. शनिवारी संध्याकाळी हुकलं की हुकलं. त्यात बीबीसीने पुन्हा वापरायला म्हणून जुन्या टेप्स चक्क पुसून टाकल्या! साठच्या दशकातले सुमारे शंभर भाग असे गेले. प्रेक्षकांनी टीव्हीसमोर रेकॉर्डर धरून टेप केलेला आवाज तेवढा उरला. पोरांसाठी ही पुस्तकंच रिपीट टेलिकास्ट होती.

आमचा लीड पन्नाशीला टेकलेला. कोड रिव्ह्यूत सळो की पळो करून सोडणारा. तो म्हणाला, ‘मी शाळेत वाचनात सगळ्यांत मागे होतो. या माणसाने मला वाचायला शिकवलं.’ आणि दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या डेस्कवर एक पिवळं पडलेलं पेपरबॅक ठेवलं.

इथे एक कबुली. मी मराठी मीडियमचा. ईमेल फाडफाड लिहितो, कॉलवर निभावून नेतो. पण तोवर एकही इंग्रजी कादंबरी मी शेवटपर्यंत वाचली नव्हती. ‘वाचलीये रे, मस्त आहे’ असं मात्र बऱ्याचदा ठोकून दिलं होतं. विसाव्या पानावर अडकलेले जाडजूड बेस्टसेलर्स पुण्याच्या फ्लॅटवर नुसते शो-पीस!

हे पुस्तक होतं ‘डॉक्टर हू अँड द ऑटन इन्व्हेजन’, डिक्स यांचं पहिलंच. दुकानांच्या काचेआडचे प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन काचा फोडून बाहेर पडतात. शनिवारी दुपारी सुरू केलं, रात्री दीडला संपवलं. डिक्शनरी दोनदाच उघडली. पुढचे चार दिवस कपड्यांच्या शोरूमसमोरून जाताना मी नजर खाली ठेवत होतो, हसू नका.

अशा पुस्तकांना साहित्यवाले टीव्हीचं उष्टं म्हणतात. सगळीच ग्रेट नाहीत, घाईत उरकलेलीही आहेत. पण माल्कम हल्क यांचं ‘केव्ह मॉन्स्टर्स’ बघा. पडद्यावरचे रबरी मुखवट्यातले सरडे पुस्तकात नावागावाचे होतात, पृथ्वी आधी आमची होती म्हणतात आणि ते म्हणणं पटतंही! शिवाय १९८९ ते २००५ या काळात, १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला, तर मालिका बंद होती. तेव्हा डॉक्टरला तगवलं ते नव्या कादंबऱ्यांनी. त्यातली एक लिहिणारे रसेल टी. डेव्हिस यांनीच २००५ मध्ये मालिका परत आणली.

वाचताना मला आजोबा आठवत होते. ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली ठेवायचे. पाहुणे आले की टेबलावर ज्ञानेश्वरी यायची. घरात कुणीच त्या पातळ पुस्तकांना ‘वाचन’ म्हणत नसे. मीही नाही.

सोमवारी पुस्तक परत केलं. म्हटलं, ‘इंग्रजीतलं पूर्ण वाचलेलं माझं पहिलंच.’ घशात थोडं अडकलं, पण बोललो. लीडने ना भुवई उंचावली, ना शाबासकी दिली. खालचा ड्रॉवर ओढला. आत तशीच पिवळी पुस्तकं दाटीवाटीने उभी होती.

‘सरडे वाचतोस का?’ त्याने विचारलं.