फॉर्मवरची ‘परदेशी जोडीदार’ म्हणजे मीच

प्रपोजल कसं लिहायचं याच्या लेखात ‘विश्लेषणाचं एकक’ हा मुद्दा मी घाईत उरकला होता, आणि बऱ्याच जणांनी विचारलं की एकक म्हणजे नक्की काय, आणि त्याने एवढा काय फरक पडतो. आज त्यावरच लिहितेय. फक्त उदाहरण पाठ्यपुस्तकातलं नाही, घरातलं आहे. तुमच्यापैकी ज्यांचा नवरा किंवा बायको अमेरिकेत आहे आणि जे इकडे पीएचडीला बसायचा विचार करताहेत, त्यांना ते नुसतं उदाहरण म्हणून नाही, तसंही उपयोगी पडेल.

माझा नवरा न्यू जर्सीत नोकरी करतो, एच-१बी वर. मी इथे पवईत, हॉस्टेलच्या खोलीत, पीएचडीच्या चौथ्या वर्षात. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने एक पानी पीडीएफ पाठवली आणि फोनवर म्हणाला, “खाली सही कर आणि पाठव, बाकी मी बघतो. टॅक्स बराच वाचेल.” पानावर आमची दोघांची नावं होती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: अनिवासी परकीय. चौतीस वर्षं मुंबईत काढलेली मी, पवई तलावाच्या काठावर बसून ‘परकीय’ झाले होते! हसू आलं, पण सही केली नाही. म्हटलं, आधी वाचते.

भारतात नवरा-बायकोने मिळून एकच आयकर रिटर्न भरायची सोयच नाही. तुमचं पॅन वेगळं, त्याचं वेगळं. आपल्या कायद्याचं एकक ‘व्यक्ती’ आहे (हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा अपवाद, आज बाजूला ठेवू). अमेरिकेत मात्र जोडपं हे एकक होऊ शकतं. अडचण अशी की, जोडीदार अमेरिकेत राहत नसेल आणि तिथला नागरिकही नसेल तर एरवी संयुक्त रिटर्न भरता येत नाही. १९७६ साली तिथल्या कायद्याच्या कलम ६०१३ मध्ये एक पर्याय आला: दोघांनी लिहून दिलं की ‘या बाहेरच्या जोडीदारालाही करापुरतं इथलाच रहिवासी समजा’, तर संयुक्त रिटर्न चालतं. माझ्यापुढे आलेलं पान म्हणजे तेच लिहून देणं.

त्यासाठी दोघांपैकी एकजण तरी वर्षाच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा नागरिक किंवा करापुरता रहिवासी असावा लागतो. व्हिसा कुठला आहे यापेक्षा तिथे किती दिवस राहिला हे मोजतात: त्या वर्षीचे सगळे दिवस, आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश, मिळून १८३. पण जोडीदार एफ-१ वर शिकत असेल तर साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे दिवस मोजलेच जात नाहीत. म्हणजे तो रहिवासी नाही, तुम्ही तर नाहीच, त्यामुळे हा पर्याय तुमच्यासाठी नाही. (भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांमधल्या करारामुळे तिथली प्रमाणित वजावट मिळते. बाकीच्या बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती नाही. तेवढा दिलासा.)

आता पैसे. आकडे सोयीसाठी घेतलेत, दर मात्र २०२४ चे खरे आहेत. समजा त्याचा पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. विवाहित पण स्वतंत्र रिटर्न भरलं तर वजावट १४,६०० डॉलर आणि केंद्रीय कर १६,०४१. संयुक्त भरलं तर वजावट २९,२०० होते आणि कराचे टप्पेही दुप्पट रुंद होतात, पण माझं उत्पन्न त्यात मिळवावं लागतं. माझी फेलोशिप महिना ४२,००० रुपये, वर्षाला ५,०४,०००, डॉलरला ८४ रुपये धरले तर बरोबर ६,००० डॉलर. ते धरूनही कर येतो ९,९५२. फरक ६,०८९ डॉलर. म्हणजे माझ्या एका सहीने वर्षाला माझ्या अख्ख्या फेलोशिपपेक्षा जास्त पैसे वाचतात. हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले होते, खोटं कशाला बोलू.

पण सही म्हणजे नक्की काय कबूल करणं, ते बघा. त्या वर्षापासून तुमचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये जातं. भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिथे करमुक्त नाही. आईने तुमच्या नावावर सुरू केलेल्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीला तिथे विदेशी गुंतवणूक कंपनीचे नियम लागतात, आणि ते इतके किचकट आहेत की फंड छोटा असला तर सीएची फी नफ्यापेक्षा जास्त व्हायची. शिवाय संयुक्त रिटर्नवर दोघांची पूर्ण जबाबदारी असते. त्याने काही लपवलं किंवा चुकवलं तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. ‘मी तर पवईत होते’ हे उत्तर आपोआप चालत नाही.

आणि मला सगळ्यात गंभीर वाटलेली अट वेगळीच. हा पर्याय एका वर्षापुरता नसतो, रद्द करेपर्यंत पुढे चालू राहतो. आणि एकदा रद्द केला की दोघांपैकी कुणालाही तो आयुष्यात पुन्हा घेता येत नाही. पुढे पोस्टडॉक म्हणून भारतातच पगार सुरू झाला, आईवडिलांचं घर विकायची वेळ आली, नातं बिघडलं, तर हिशेब बदलणार. आज फायद्याचं वाटणारं पान त्या सगळ्या वर्षांसाठी असतं.

फेलोशिपवर जरा थांबू, कारण इथे संशोधक म्हणून तुम्हाला रस वाटेल. आपल्याकडे शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त आहे. (क्रमांक १९६१ च्या कायद्याचे देतेय. नवा, २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात ते बदललेत.) अमेरिकेत फी आणि पुस्तकांपुरती शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्या-खाण्यासाठी मिळालेले पैसे करपात्र. त्यामुळे माझ्या मेसच्या बिलाला जाणाऱ्या ६,००० डॉलरवर १२ टक्क्यांनी ७२० डॉलर कर लागतो. सुमारे साठ हजार रुपये. भारतात कर भरलेलाच नाही, म्हणून त्याचं क्रेडिटही मिळत नाही.

कुणी सांगेल, अमेरिकेबाहेर राहून कमावलेल्या उत्पन्नावर सूट असते की, वर्षात ३३० दिवस बाहेर असलं की झालं. असते. पण ती ‘कामाच्या मोबदल्यावर’ असते. म्हणजे इथल्या आयकर खात्याला सांगायचं की ही शिष्यवृत्ती आहे, आणि तिथल्या खात्याला सांगायचं की हा मी केलेल्या कामाचा मोबदला आहे. एकाच पैशाला दोन देशांत दोन नावं. असा दावा करण्याआधी तुमचं फेलोशिपचं पत्र काढून वाचा, त्यात टीए-शिपची अट आहे का, कुठल्या शब्दांत आहे ते बघा आणि दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएला दाखवा. मी तरी दोन गोष्टी सांगणार नाही असं ठरवलं.

एक बारीक कटकट: त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. आणि पैसे हातात आले त्या वर्षात मोजतात. फेलोशिप रखडून तीन महिन्यांची एकदम जानेवारीत जमा झाली (होतं असं, तुम्हीही अनुभव घ्याल), तर ती पुढच्या वर्षात. पासबुक घेऊन बारा महिने नव्याने मांडावे लागतात.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेत जोडपं हे एकक झालं कसं? मला वाटायचं, कुटुंबसंस्थेच्या प्रेमापोटी असेल. तसं नाही, ते मालमत्तेच्या कायद्यातून आलं. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत लग्नानंतरची कमाई कायद्यानेच दोघांची निम्मी-निम्मी मानली जायची. १९३० साली पो विरुद्ध सीबॉर्न खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मग करही निम्म्या-निम्म्या उत्पन्नावर लागेल. झालं, एकाच पगाराच्या जोडप्याला एका राज्यात कमी कर आणि शेजारच्या राज्यात जास्त. मग इतर काही राज्यांनीही करासाठी आपले मालमत्ता कायदे बदलायला सुरुवात केली. शेवटी १९४८ मध्ये संसदेने सगळ्याच जोडप्यांना संयुक्त रिटर्नद्वारे उत्पन्न विभागायची मुभा दिली.

संशोधकाला हे सोन्याहून पिवळं. का? १९४८ च्या बदलाने काही राज्यांतल्या जोडप्यांचा कर बदलला, आणि जिथे आधीपासून निम्मा हिस्सा होता तिथल्यांचा फारसा नाही. एक गट बदललेला, एक तुलनेला. सारा लालुमिया यांनी २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्स’मध्ये हीच तुलना केली, आणि संयुक्त करामुळे जास्त शिकलेल्या विवाहित स्त्रियांचं नोकरी करण्याचं प्रमाण घटल्याचं त्यांना दिसलं. कारण समजायला माझंच उदाहरण घ्या. एकटी असते तर माझ्या पहिल्या ६,००० डॉलरवर तिथे शून्य कर लागला असता. नवऱ्याच्या पगारावर रचले गेल्यामुळे माझ्या पहिल्याच डॉलरवर १२ टक्के. घरात दुसरी कमाई जिची, तिच्यावर दर चढा. स्वीडनने १९७१ मध्ये आणि ब्रिटनने १९९० मध्ये व्यक्तीला एकक केलं. आपल्याकडे २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, संयुक्त रिटर्नचा पर्याय सुचवला होता. तो त्या अर्थसंकल्पात आला नाही. त्यावेळच्या चर्चांमध्ये ‘मध्यमवर्गाचा कर वाचेल’ एवढंच ऐकू येत होतं, बायकोच्या पहिल्या रुपयाचं काय होईल हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि सीबॉर्नचा भाऊ आपल्या शेजारीच आहे: गोव्यात. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली विवाहितांची सामाईक मालमत्ता अजून चालते. त्यामुळे आयकर कायद्यात कलम ५ए आहे: त्या संहितेखालच्या नवरा-बायकोचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून प्रत्येकाच्या स्वतंत्र रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार सोडून, हं. पगार ज्याचा त्याचा. मडगावच्या घराचं भाडं असेल तर अर्धं तिचं, अर्धं त्याचं, मग तो लिस्बनला असो की स्विंडनला. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळी अनुसूची आहे आणि जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो. हे संयुक्त रिटर्न नव्हे, पण एकक जोडप्याकडे सरकलेलं आहे.

इथे तुमच्यातल्या हुशारांचे डोळे चमकतील: गोवा विरुद्ध सिंधुदुर्ग, १९९४ च्या आधी आणि नंतर, झाला प्रबंध! मलाही असंच वाटलं होतं. पण कलम ५ए १९९४ च्या वित्त कायद्याने आलं ते १ एप्रिल १९६३ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. त्याआधीही उत्पन्न कसं वाटायचं यावर वर्षानुवर्षं खटले चालूच होते. म्हणजे १९९४ ला दिवा बंदचा चालू झाला असं नाही, स्वच्छ ‘आधी’ हातात नाही. त्यात पगार वगळलेला, म्हणजे नोकरदार बायकांवरचा परिणाम यातून मोजताच येणार नाही. आणि व्यक्तिगत रिटर्नचा डेटा खुला नाही, खातं गोषवारे छापतं. एककाचा प्रश्न आधी विचारला असता तर माझे दोन महिने वाचले असते.

भारतातल्या बाजूची एक गोष्ट, कारण बहुतेक जोडपी ती करतात. त्याने पाठवलेले पैसे तुम्ही तुमच्या नावाने एफडीत टाकले, तर मिळालेली रक्कम करमुक्त, पण तिच्यावरचं व्याज कलम ६४ नुसार त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. व्यक्ती हे एकक मानणारा कायदा इथे मात्र हळूच जोडप्याकडे बघतो. त्या व्याजावर पुढे मिळणारं व्याज तुमचं. वेगळं खातं ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी काय कुणाचं ते उलगडत नाही.

आमचं काय झालं? मी नवऱ्याला म्हटलं, “तू आत्ता स्वतंत्र रिटर्न भरून टाक.” कारण स्वतंत्र भरलेलं रिटर्न तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून संयुक्त करता येतं. उलटं, मुदत गेल्यावर संयुक्तचं स्वतंत्र होत नाही. मग सहा महिने घेतले. माझी एसआयपी बंद केली. त्याचे मागचे रिटर्न मागवून ओळ न् ओळ वाचले. त्याला आधी जरा लागलं, “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाला. मी म्हटलं, “तुझ्यावर आहे. पण जबाबदारी माझ्याही नावावर येणार आहे, तर वाचून घेऊ दे.” मग आम्ही दोघांनी एकदा व्हिडिओ कॉलवर बसून सगळं परत वाचलं. त्या रात्री त्याला एका जुन्या बँक खात्याचं व्याज दाखवायचं राहिल्याचं स्वतःच सापडलं.

सप्टेंबरमध्ये सही केली. माझ्याकडे तिथला क्रमांक नव्हता, म्हणून डब्ल्यू-७ हा अर्ज सुधारित रिटर्नसोबत लावावा लागला. त्याला मूळ पासपोर्ट लागतो किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत. आपल्या ओळखीच्या नोटरीचा शिक्का चालत नाही. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा नसेल तर आयआरएसने मान्यता दिलेला प्रमाणन एजंट गाठायचा, तो पासपोर्ट बघून लगेच परत देतो. मी तेच केलं, कारण नोव्हेंबरमध्ये कॉन्फरन्स होती आणि व्हिसासाठी पासपोर्ट हातात हवा होता.