रेल्वे चुकली, गाव राहिलं

अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीवर, १८६० नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत गावांचं अक्षरशः पीक आलं. आधी कुणीतरी जमिनीचा तुकडा घ्यायचा, कागदावर रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे, जाहिरात काढायची आणि मग रेल्वेची वाट बघायची. रेल्वे आली तर धान्याची कोठारं, बँक, हॉटेल, शाळा, चर्च असं सगळं चार-पाच वर्षांत उभं राही. नाही आली तर गाव त्याच वेगानं उठे. गहू घोडागाडीत भरून लांबच्या स्टेशनावर न्यायचा, तर वाहतुकीतच नफा जायचा. शेतकरी ज्या स्टेशनाकडं वळला तिकडं दुकानदारही वळायचा. कॅन्सस राज्याच्या नकाशावरून अशी शेकडो गावं पुसली गेली आहेत.

त्याच कॅन्ससच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, यूएस २४ या महामार्गालगत निकोडिमस नावाचं गाव आहे. रेल्वेनं १८८८ मध्ये त्यालाही बगल दिली. आज तिथं कायम राहणारी माणसं मूठभरच आहेत. तरीही हे गाव उठलं असं म्हणवत नाही, कारण ते वसवणाऱ्यांनी रेल्वेच्या हिशेबापेक्षा वेगळाच हिशेब मांडला होता.

निकोडिमस वसलं १८७७ मध्ये. वसवणारे बहुतेक जण केंटकी राज्यातले, नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते. केंटकी यादवी युद्धात संघराज्यातून फुटलं नव्हतं, त्यामुळे लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथं लागू झाली नाही. तिथल्या गुलामांच्या बेड्या कायद्यानं तुटायला डिसेंबर १८६५ मधली तेरावी घटनादुरुस्ती यावी लागली. म्हणजे निकोडिमसला निघालेल्या माणसांच्या स्वातंत्र्याला पुरती बारा वर्षंही झाली नव्हती. या बारा वर्षांत त्यांच्या हाती काय आलं होतं? गोऱ्या जमीनमालकाची जमीन बटाईनं कसायची, सुगीला कर्ज फेडायचं आणि पुन्हा नवं कर्ज काढायचं. त्यात गोऱ्या टोळ्यांची दहशत वाढत चाललेली. १८७७ मध्येच दक्षिणेत उरलेल्या संघराज्याच्या सैन्यानं तिथल्या राजकारणातून अंग काढून घेतलं आणि संरक्षणाची उरलीसुरली आशाही मावळली.

याच्या चारच वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. पुढे दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीरावांची नजर जमीन, कर्ज आणि विद्या यांवर खिळलेली दिसते. निकोडिमसला निघालेल्या माणसांनाही हेच उमगलं होतं. मालकाच्या हातून सुटका ही निम्मीच मुक्ती. पायाखालची जमीन स्वतःची झाल्याशिवाय ती पुरी होत नाही.

ती जमीन मिळण्याची वाट कायद्यानं खुली झाली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कुणीही १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगावा, पाच वर्षं तिथं राहून ती कसावी आणि मालक व्हावं. शिवाय कॅन्सस म्हणजे गुलामीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राऊनची कर्मभूमी. १८६१ मध्ये गुलामीमुक्त राज्य म्हणूनच ते संघराज्यात आलेलं. डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी पुढाकार घेऊन निकोडिमस टाउन कंपनी काढली. सात जणांच्या या कंपनीत हिल एकटाच गोरा होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नागरिकांना उद्देशून पत्रकं वाटली गेली. पत्रकांमधलं निकोडिमस सुपीक होतं, समृद्ध होतं.

प्रत्यक्षात तिथं काय होतं, हे विलियाना हिकमन या बाईंनी पुढे स्वतःच्या आठवणींत सांगून ठेवलं आहे. १८७८ च्या वसंतात त्या पतीबरोबर, रेव्हरंड डॅनियल हिकमन यांच्याबरोबर केंटकीहून निघाल्या. रेल्वे एलिस या गावापर्यंतच होती. तिथं मुक्काम पडला असताना गोवराची साथ आली आणि जथ्यातली काही लेकरं दगावली. पुढची सुमारे ५५ किलोमीटरची वाट माळातून, होकायंत्राच्या भरवशावर काटायची होती. अखेर पुरुषमंडळी आनंदानं ओरडली, ते बघा निकोडिमस! बाईंनी नजर ताणून पाहिलं. घर नाही, झाड नाही. निकोडिमस कुठं आहे, असं त्यांनी पतीला विचारलं. त्यांनी बोट दाखवलं तिकडं जमिनीतून धूर वर येत होता. लोक जमिनीच्या पोटात राहत होते. बाईंना रडू कोसळलं.

धूर ‘डगआउट’ म्हणतात त्या घरांमधून येत होता. प्रेअरीवर लाकूड जवळजवळ नाहीच. जी काय झाडं असतील ती नदीनाल्याच्या काठाला. मग उतारात खोली खोदायची, समोरची बाजू मातीच्या चौकोनी तुकड्यांनी रचून घ्यायची, वर फांद्या, काटक्या, गवत आणि पुन्हा माती घालून छप्पर करायचं. प्रेअरीच्या गवताची मुळं इतकी दाट आणि खोल की नांगरानं कापलेला जमिनीचा पट्टा विटेसारखा अखंड निघतो. पाऊस आला की छपरातून चिखल गळतो, पाऊस थांबला तरी तासन् तास गळत राहतो. थंडीत मात्र ही घरं ऊबदार राहतात. चुलीला वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाचे दांडे. कॅन्ससमध्ये सूर्यफूल रानोमाळ आपोआप उगवतं.

पहिला मोठा जथा त्याआधी, सप्टेंबर १८७७ मध्ये आला होता, सुमारे तीनशे माणसांचा. पेरणीची वेळ टळून गेलेली, अवजारं नाहीत, घोडे जेमतेम तीन. काही जण तिथूनच परत फिरले. हिलनं आपल्याला फसवलं म्हणून लोक इतके खवळले की त्याला जीव मुठीत धरून लपावं लागलं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या हिवाळ्यात पुरुष एलिसपर्यंत पायी जाऊन मजुरी शोधत. आणि शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याजवळचं मांस दिलं म्हणून गाव जगलं, हीसुद्धा तिथली पक्की आठवण आहे. ती मला फार मोलाची वाटते. ओसेजांना सरकारनं याच कॅन्ससमधून काही वर्षांपूर्वी दक्षिणेला हुसकावलं होतं. ‘मोकळी सरकारी जमीन’ म्हणून वाटली जाणारी ही भूमी कुणाची तरी आधीच होती. ज्यांची जमीन गेली त्यांनीच नव्यानं जमीन शोधणाऱ्यांच्या तोंडात घास घातला.

मग मात्र गावानं बाळसं धरलं. झॅकरी फ्लेचर पहिले पोस्टमास्तर झाले, त्यांच्या पत्नी जेनी फ्लेचर पहिल्या शिक्षिका. १८८० मध्ये या दांपत्यानं सेंट फ्रान्सिस हॉटेल उघडलं. मातीची घरं जाऊन चुनखडीच्या दगडाची घरं आली. चर्च झाली, किराणा दुकानं झाली. शिकागोहून आलेले एडवर्ड मॅककेब इथं स्थायिक झाले आणि १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे हिशेब तपासनीस म्हणून निवडून आले. राज्यपातळीवर निवडून आलेले तिथले ते पहिले कृष्णवर्णीय. दोन वर्षांनी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ हे वृत्तपत्र निघालं, पाठोपाठ १८८७ मध्ये ‘निकोडिमस एंटरप्राइझ’. काही शे वस्तीच्या गावात दोन वृत्तपत्रं! प्रेअरीवरचं वृत्तपत्र बातम्यांपेक्षा गावाची वकिली जास्त करायचं, हे खरं. पण गुलामीत ज्यांना अक्षर शिकू दिलं जात नव्हतं, त्यांच्या गावातला हा छापखाना होता, हे विसरून चालणार नाही.

रेल्वेसाठी गावानं काय करायचं बाकी ठेवलं? मिसूरी पॅसिफिक कंपनीचा मार्ग इकडून जाणार अशी चिन्हं दिसताच १८८७ मध्ये लोकांनी १६,००० डॉलरचे रोखे देण्याच्या बाजूनं मतदान केलं. ज्यांच्या घरात दहा वर्षांपूर्वी शिजवायला काही नव्हतं, त्यांनी हा बोजा उचलायची तयारी दाखवली. बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या पलीकडून. नदीपलीकडच्या मजुरांच्या तळाचं बोग नावाचं गाव झालं आणि निकोडिमसचे दुकानदार एकेक करून तिकडं गेले. संपादक जाऊ नका म्हणून लिहीत राहिले, मग त्यांचाही छापखाना बंद पडला. हिलनं मात्र पश्चिमेला स्वतःच्या नावाचं हिल सिटी वसवलं होतं. ते काउंटीचं मुख्य ठिकाण झालं. एकाच माणसानं हात लावलेल्या दोन गावांपैकी कुणाला काय मिळालं, याचा विचार केला की वंशभेद नकाशावर कसा उमटतो ते दिसतं.

त्यानंतरची पन्नास वर्षं उतरणीची. हा भाग आधीच कमी पावसाचा, आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या जवळपास जाणारा. १९३० च्या दशकात अवर्षण, धुळीची वादळं आणि मंदी एकदमच आली. तरुण डेन्व्हरला गेले, टोपीकाला गेले, कॅलिफोर्नियाला गेले. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं, आणि अमेरिकेत पोस्ट गेलं की गाव संपलं असं धरतात.

पण जुलैअखेरीस निकोडिमसमध्ये गाड्यांची रांग लागते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झालेल्या मुक्तीची आठवण म्हणून इथं सुरुवातीपासून एमॅन्सिपेशन सेलिब्रेशन साजरं होतं. गव्हाची कापणी उरकलेली असते, हात मोकळे असतात. एके काळी आजूबाजूच्या गोऱ्या गावांतलेही लोक यायचे. बेसबॉल, झोपाळे, खाणंपिणं, भाषणं चालायची. गाव ओस पडत गेलं तसं या उत्सवाचं रूप बदललं. आपल्याकडे पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला माणूस ग्रामदैवताच्या जत्रेला हटकून गावी येतो, तसे स्वित्झर, बेट्स, अलेक्झांडर, व्हॅन डुव्हॉल या घराण्यांचे लोक देशभरातून येतात. पोरंटोरं, नातवंडं, परगावच्या सुना-जावई सगळे. मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते, आजीपणजीची नातीगोती नव्यानं जुळवली जातात.

या येण्याजाण्यानंच गावाला सरकारदरबारी जागा मिळवून दिली. अँजेला बेट्स या वंशज बाईंनी १९८८ मध्ये निकोडिमस हिस्टॉरिकल सोसायटी काढली, म्हाताऱ्यांच्या आठवणी जमवल्या, पाठपुरावा केला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं निकोडिमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीच्या दगडात बांधलेला टाउनशिप हॉल, अशा पाच वास्तू त्यात आहेत.

दर्जा मिळाला म्हणून सगळं भरून निघालं असं मात्र नाही. इमारती जतन करणं सोपं, शेती टिकवणं कठीण. कर्ज नाकारून किंवा वेळेवर न देऊन अमेरिकेच्या कृषी खात्यानं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमिनीवरून कसं उठवलं, हे १९९९ मध्ये तडजोडीनं मिटलेल्या पिगफर्ड खटल्यात चव्हाट्यावर आलं. ज्या जमिनीसाठी लोक भुयारात राहिले, ती पुढच्या शतकाभरात तुकड्या-तुकड्यांनी हातची गेली. उत्सव माणसांना परत आणतो, पण नांगर धरायला माणूस लागतो तो बारा महिने. म्हणूनच निकोडिमसच्या माणसांत मला २०२२ मध्ये निवर्तलेल्या व्हेरिल स्वित्झर यांचं नाव आवर्जून घ्यावंसं वाटतं. १९३२ मध्ये या गावात जन्मलेला हा मुलगा कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामांकित संघानं पहिल्याच फेरीत त्याला घेतलं. पुढे ते विद्यापीठात वरच्या पदावर होते. शहर मिळालं, नाव मिळालं, पगार मिळाला. पण निकोडिमसजवळची जमीन त्यांनी सोडली नव्हती. विद्यापीठातली नोकरी सांभाळून ते तिथं शेती करायला जात असत.