पाच चमचे आणि चिकूच्या बिया

बोईसरच्या एका आईने विचारलं आहे, ‘मुलगी चार वर्षांची. शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. पण पाच चमचे आण म्हटलं की मूठभर उचलून आणते. असं का?’

कारण अंक म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, क्रम मोडायचा नाही, आणि शेवटचा अंक म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे तिन्ही जुळलं की ते मोजणं. तिसरं सर्वांत अवघड. पाच चमचे नीट मोजलेल्या मुलाला ‘मग किती झाले?’ विचारून बघा, ते पुन्हा ‘एक, दोन…’ सुरू करतं! मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९० साली मुलांकडून वस्तू मागून पाहिल्या. मुलं आधी ‘एक’ अचूक देतात, बऱ्याच काळाने ‘दोन’, मग ‘तीन’. आणि पुढे केव्हातरी सगळ्याच संख्यांचं कुलूप उघडतं. ही मुलगी वाटेवर आहे, एवढंच.

पुढची वाट हाताळायच्या वस्तूंतून जाते, आणि ती बोईसरच्या जवळच सापडली होती. रेल्वेने वाणगाव, डहाणू रोड, मग घोलवड, तिथून बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलं. मारिया मोंटेसरींची शिकण्याची साधनं सुबक, पण खेड्याला न परवडणारी. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हाती घेतली. शिंपल्यांचा ढीग मूल आधी आकाराने निवडतं, मग तोच ढीग मोडून रंगाने. एकच वस्तू दोन गटांत बसू शकते, हे बोटांना आधी कळतं! आज खेळण्यांच्या महागड्या पेट्यांवर मोंटेसरींचं नाव असतं, बोर्डीचं नसतं. त्यांच्या कामातला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, पण ताराबाई किती जणांना आठवतात? मला याची खंत वाटते.

मोजणं शिकावं लागतं, कमी-जास्तीचा अंदाज मात्र शिकवण्याआधीच असतो. सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक जाणवतो, ८ आणि १२ मधला नाही. नजर बेरीज-वजाबाकी करत नाही, पट पाहते. म्हणून सुरुवातीला ढीग दुपटीचे ठेवावेत, मग जवळजवळचे.

आणि चमचे राहू द्या. घोलवडचा पिकलेला चिकू घ्या. कापण्याआधी विचारा, आत बिया किती? मग कापा, तिलाच मोजू द्या. फक्त बीला टोकाशी आकडी असते, ती तोंडात जाऊ देऊ नका. आता दुसरा चिकू: या वेळी किती?