अशिलाची भाषा आणि वकिलाची भाषा

आपल्या जिल्ह्याला वकिलीची परंपरा मोठी आहे. वणीला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळलाच वकिली करीत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु फारकत, पोटगी, मुलांचा ताबा, वारसा असे घरातले दावे चालविणारे वकील कोणत्या घरांतून आले आणि कोणत्या घरांतून आलेच नाहीत, हे कोणी फारसे विचारीत नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. पदवीनंतर कायद्याकडे वळण्याचा विचार आहे, म्हणून या प्रश्नाचा थोडा ऊहापोह करते.

शेताच्या वादात सातबारा बोलतो. घरातल्या वादात कागद थोडा. बहुतेक सारे अशिलाच्या तोंडी असते. ते तोंडच उघडले नाही तर दावा उभा कशावर राहणार? नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे आयुष्य हेच सांगते. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊनही स्त्री म्हणून त्यांना वकिलीची सनद मिळेना. पुढे १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये सरकारी नोकरीत राहून पडदानशीन स्त्रियांना सल्ला दिला. कारण इस्टेट असूनही या स्त्रिया परपुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या. स्त्रियांना वकिलीचा मार्ग देशभर मोकळा करणारा कायदा झाला तो १९२३ साली.

आता आपल्या झरी-जामणीकडे वळू. तेथील आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून अनेकदा गाजला. त्यांत कोलाम मुली बऱ्याच. लग्नाचे आमिष दाखवून माणूस निघून जातो, मूल मागे राहते. कायदा येथे मुका नाही. अनौरस मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे वकील मिळाला! पण पोडावर कोलामी बोलणाऱ्या त्या मुलीने कोण, केव्हा, काय वचन देऊन, हे सारे परक्या पुरुषाला मराठीत सांगायचे कसे? दुभाष्या म्हणून गावचाच कोणी पुढारी शेजारी बसला असेल, तर ती काय सांगेल आणि काय गिळेल?

रूढीची गोष्ट याहून बिकट. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे गोंड-कोलामांची लग्ने रूढीने होतात. आणि रूढी नुसती सांगून चालत नाही, ती दाव्यात मांडून सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले. काय सिद्ध करायचे हे ज्याला ठाऊक नाही तो साक्षीदाराला विचारणार काय? बंजाऱ्यांचे पाहा. महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत, पैनगंगेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत. नदीच्या दोन तीरांवर कायदा निराळा, आणि सोयरिका तर नदी ओलांडून होणारच! तांड्यावर वाढलेल्या वकिलाला हा घोळ ऐकताक्षणी कळेल.

कोणी म्हणतात, वकिलाला कायदा आला की पुरे. युक्तिवादापुरते ते खरे असेल. अर्ज लिहून घेताना खरे नाही. मात्र दुसरे टोकही मला मान्य नाही. स्त्री वकिलाकडे तेवढे पोटगीचे दावे आणि गोंड वकिलाकडे तेवढे गोंडांचे, अशी वाटणी झाली तर तो नवा वाडाच म्हणायचा.

सनदेच्या भरमसाट शुल्कावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये लगाम घातला: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. हे चांगलेच झाले. पण खरी अडचण सनदेनंतरची आहे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करताना हाती फारसे पडत नाही. खोलीभाडे आणि खानावळ कोण भरणार? आमच्या वर्गातली पोडावरची, तांड्यावरची मुले पोलीस भरतीचे आणि तलाठ्याचे अर्ज भरतात, ते उगीच नव्हे. वकील संघांनी अशा नवोदितांना पहिली तीन वर्षे विद्यावेतन द्यावे, आणि मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांच्या यादीत नावापुढे मराठीशिवाय कोणती बोली येते, याचा एक रकाना असावा. दुसऱ्या सूचनेला तर पैसाही लागत नाही.